ड वर्गाचे तास

वाऱ्याला वर्गात बसवण्याचं काम कुणाला सांगून पटत नाही. ताईंनी सव्वीस वर्षं तेच केलं होतं. पाहुण्यांत कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर त्या "वारा तपासते" म्हणायच्या, आणि विचारणारा हसून दुसऱ्याच गोष्टीकडे वळायचा. ताईंनाही त्याचं काही वाटत नसे. लोकांना वारा फक्त कपडे वाळत घातले की आठवतो, असं त्यांचं मत होतं.

काम मात्र चोख होतं. शहराबाहेरच्या माळावर एक लोखंडी मनोरा होता आणि त्याच्या टोकाला वातदर्शक. वारा जसा वळेल तसा तो वळायचा, आणि खालच्या खोलीत यंत्राचं पेन सरकत्या कागदावर ती वळणं काढत राहायचं. दिवसरात्र, कुणी बघो न बघो. तासाला चार बोटं कागद. दर तासाच्या तुकड्याकडे बघायचं आणि त्याला एक अक्षर द्यायचं. पेन कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नाचलं असेल तर अ. जरा आवरतं घेतलं असेल तर ब. वारा जोराचा पण सरळमार्गी असेल तर मधोमध भरीव जाड पट्टा उमटतो, तो क. आणि वारा निजलेला असेल तर नुसती एक बारीक रेघ, ती ड.

हा खटाटोप धुरासाठी. अ वर्गाच्या तासात धुराड्यातून निघालेला धूर चार ठिकाणी फेकला जातो आणि त्याचा मागमूस राहत नाही. ड वर्गाच्या तासात तोच धूर दोरीसारखा सलग निघतो आणि मैलभर तसाच जातो, वाटेत जे येईल त्यावर आपटेपर्यंत. इथे वाटेत टेकडी होती. टेकडीवर तीनशे घरं होती, एक शाळा होती, आणि पायथ्याच्या कारखान्याला नवं धुराडं बांधायचं होतं. ड वर्गाचे तास जितके जास्त, तितकं धुराडं उंच. हा सगळा हिशेब ताईंच्या अक्षरांवर उभा होता.

म्हणून तर नियम कडक होता. प्रत्येक कागद दोघांनी वाचायचा, एकमेकांचं न बघता. मग दोन्ही याद्या जुळवायच्या आणि जे तास जुळणार नाहीत ते साहेबांकडे न्यायचे. महिन्याचे सातशेवीस तास. त्यात तीस-चाळीस जुळायचे नाहीतच. दोन माणसं एकाच कागदाकडे बघून सातशेवीस वेळा एकच गोष्ट म्हणत नाहीत. नवरा-बायको तर दोनदासुद्धा म्हणत नाहीत.

दुसरी वाचणारी होती धाकटी. वर्षभरापूर्वी लागलेली, अजून कायम न झालेली, घरी दीड वर्षाची मुलगी. तिचं नाव हजेरीपटावर होतं, पण ताई तिला पहिल्या दिवशी "धाकटी" म्हणाल्या आणि तेच चिकटलं. ताईंना स्वतःलाही एक नाव चिकटलेलं होतं, पाठीमागे घ्यायचं. दुर्बीण. रेघेतला केसाएवढा फरक ताईंना खोलीच्या दारातून दिसतो, अशी ख्याती होती, आणि ताईंना ते नाव माहीत होतं, आवडतही होतं. कुणी चुकून तोंडावर बोललं तर त्या रागावल्याचं सोंग करायच्या.

तर गेल्या काही महिन्यांत वारा बिघडला होता. निदान ताईंचं म्हणणं तसं होतं. पहाटेच्या वेळी, जेव्हा वारा बापजन्मी उठत नाही, तेव्हाच्या कागदावरसुद्धा रेघ जाड यायला लागली होती. ड यायचा तिथे क. आधी त्यांना पेनाचा संशय आला. पेन बदललं. मग शाईचा, शाई बदलली. मग खोलीतला उजेड कमी वाटला आणि बल्ब बदलला, तीनदा. शेवटी त्यांनी मिस्त्रीला मनोऱ्यावर चढवलं, वातदर्शक सैल झालाय का बघायला. मिस्त्री पन्नाशीचा, गुडघेदुखीचा. वर जाऊन आला आणि धापा टाकत म्हणाला की वातदर्शकाला काही झालेलं नाही, आता माझ्या गुडघ्यांना झालंय.

यंत्रात दोष नाही म्हटल्यावर दोष वाऱ्याचाच. ताईंनी खूप विचार केला आणि त्यांना कारण सापडलं. माळाच्या कडेला दोन वर्षांत चार मजली इमारती उठल्या होत्या. त्या आडव्या आल्या की वारा ठेचकाळणार, हे उघड होतं. साहेबांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी धुराड्याच्या अहवालात इमारतींवर एक अख्खं पान लिहिलं. पुढच्या परिषदेत तेच वाचायचं, असंही त्यांच्या मनात होतं. साहेब बरीच वर्षं काही वाचायला मिळतंय का हे शोधत होते.

अहवाल जायच्या दोन दिवस आधी प्रदूषण मंडळाचा तपासनीस आला. बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. चहाला नको म्हणाला, तेव्हाच साहेबांनी आपलाही कप बाजूला सरकवला. त्याने आधी न जुळलेल्या तासांची फाईल मागितली आणि उघडून बघितली. गेल्या तीन महिन्यांची पानं कोरी होती.

"एकही नाही?" त्याने विचारलं.

साहेब अभिमानाने म्हणाले की वाचणाऱ्यांचा हात आता बसला आहे. तपासनीस म्हणाला की आपण वीस वर्षं अशा फायली तपासतो आहोत आणि दोन हजारांवर तासांत एकही फरक नाही असं कधी पाहिलेलं नाही. याचा अर्थ एकच होतो, कुणीतरी दुसऱ्याचं बघून लिहितंय. त्याने नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. खोलीत एक सव्वीस वर्षांची दुर्बीण होती आणि एक वर्षभराची धाकटी, आणि दोन्ही याद्या जुळवायचं काम धाकटीकडेच होतं.

धाकटीला बोलावलं. ती म्हणाली, "हो, मी बघून लिहिलं." का, म्हणून विचारल्यावर तिने जी मान खाली घातली ती वर केलीच नाही. साहेबांनी समजावून पाहिलं, मग धमकावून.

मार्ग सोपा होता आणि तपासनीसानेच तो सांगितला. धाकटीची यादी रद्द करायची. ताईंचा अनुभव मोठा, तेव्हा त्यांची एकटीची यादी ग्राह्य धरायची, त्यांनी एका कागदावर सही करून आपली अक्षरं बरोबर असल्याचं सांगायचं, की अहवाल परवा जाऊ शकतो. धाकटीला कायम करायचं नाही, हे ओघाने आलंच.

ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. क्षणभर त्यांना बरंही वाटलं होतं, आपली एकटीची यादी चालते याचं, आणि त्या बरं वाटण्याचाही त्यांना राग आला. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी धाकटीला कागदांच्या खोलीत गाठलं. मी तुला हेच शिकवलं का, मुलीचं दुखणं निघालं तेव्हा आठवडाभर तुझं काम मी ओढलं ते यासाठी का, असं बरंच काही त्या बोलल्या. धाकटी ऐकत राहिली. रडली नाही, उलट बोलली नाही. त्यामुळे ताईंचा राग आणखीच वाढला. त्यांनी कपाटातली गेल्या आठवड्याची गुंडाळी काढली, टेबलावर पसरली आणि म्हणाल्या, बस, माझ्यासमोर वाच, तुला येतं तरी का ते बघू.

धाकटी बसली. पहाटे दोनच्या तासावर बोट ठेवून म्हणाली, "ड."

ताई म्हणाल्या, क. तीनचा तास. धाकटी म्हणाली, ड. ताई म्हणाल्या, क, नीट बघ. चारचा तास, पुन्हा तेच. धाकटीचा आवाज प्रत्येक अक्षराला खाली चालला होता. पाचच्या तासावर ती थांबली, तिने ताईंकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "क."

ताईंना तिथे काहीतरी खटकलं. कागद तोच होता, रेघ तीच होती, सलग तीन तास ड म्हणणारी पोरगी चौथ्याला फिरली कशी? त्यांनी गुंडाळीचं टोक उचललं आणि खिडकीशी गेल्या. भर दुपारचं ऊन होतं. त्यांनी कागद नाकाजवळ धरला. शाईची रेघ जाड होती, कडांना पिंजल्यासारखी. मी सांगतेय तेच बरोबर, असं त्या म्हणणारच होत्या, तेवढ्यात त्यांची नजर शाईच्या शेजारी गेली.

कागदावर छापलेल्या उभ्या रेघा असतात, अंशांच्या. छापखान्यातून येतात तशा, सुईसारख्या बारीक. वारा त्यांना हलवू शकत नाही. त्या रेघासुद्धा जाड होत्या, कडांना पिंजल्यासारख्या.

ताईंनी डावा डोळा झाकला, मग उजवा. डाव्या डोळ्याला तर शेजारशेजारच्या दोन रेघा मिळून एकच दिसत होती. वारा छापखान्यात शिरला नव्हता. शाई नाही, बल्ब नाही, मिस्त्रीचे गुडघे उगाच दुखले. चार मजली इमारतींनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. ताई तिथेच खिडकीच्या कट्ट्यावर टेकल्या.

मग धाकटीने सांगितलं. सुरुवातीला ती आपल्याला दिसतं तेच लिहायची. फरक पडलेले तास साहेबांकडे न्यायची, आणि साहेब कागद न उलगडताच म्हणायचे, ताई क म्हणतात ना, मग क. असं चार-पाच वेळा झालं. एकदा ती डबा विसरली म्हणून परत आली, तर ताई एकट्याच कागद डोळ्यांना लावून खिडकीशी उभ्या होत्या आणि पदराने डोळे पुसून पुन्हा बघत होत्या. त्या दिवसापासून ती जुळवताना स्वतःची अक्षरं खोडायला लागली.

"ताई, सगळं तुम्ही शिकवलंत मला. मी तुम्हाला खोटं कसं पाडू?"

ताईंनी विचारलं, टेकडीवरच्या लोकांचं काय? धाकटी म्हणाली की रोज तेच मनात यायचं, रोज वाटायचं उद्या सांगू. आणि मग इतक्या वेळानंतर ती रडली. ताई तिला जवळ घेणार होत्या, पण त्यांना तेवढंही जमलं नाही.

संध्याकाळी घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा बसचा ड्रायव्हर, निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. तो भाजी चिरत होता. ऐकून त्याने सुरी बाजूला ठेवली आणि म्हणाला की त्याला तसं वाटतच होतं. तू धुतलेले कप मी पुन्हा धुतो, तो म्हणाला, सहा महिने झाले. बसचा नंबर तू मला विचारतेस आणि वर म्हणतेस की हल्ली पाट्याच वाईट रंगवतात.

मग बोलला का नाहीस, असं ताईंनी विचारलं, आणि त्यांचा आवाज जरा मोठा लागला.

तो म्हणाला, "तुला दुर्बीण म्हणतात, त्यावर तू जगतेस. माझ्या तोंडून कसं निघणार ते? आमच्या डेपोत दरवर्षी डोळे तपासायचे. नापास झालो असतो तर डॉक्टरने सांगितलं असतं, बायकोने नाही."

मोतीबिंदू असेल, तो पुढे म्हणाला, त्याच्या दोन मित्रांचं झालं, आठवड्यात उठून बसले. ताईंना ते ऐकू आलं, पण त्या वेळी त्यांना बरं व्हायचं नव्हतं. सगळ्या जगाने आपल्यावर दया केली आणि आपल्याला पत्ता लागू दिला नाही, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. घरात कप पुन्हा धुतले जात होते, कचेरीत अक्षरं खोडली जात होती, आणि आपण मात्र नाकावर माशी बसू न देता मिस्त्रीला मनोऱ्यावर चढवत होतो. शरम वाटली. त्याहून भीती वाटली. त्या यादीत किती तास खोटे होते हे त्यांना सांगता येत नव्हतं, आणि ते तपासायचे तर ज्या डोळ्यांनी तपासायचे तेच खोटे होते. सही केली तर कुणालाही काही कळणार नव्हतं. धाकटीची नोकरी जाईल, धुराडं आखूड होईल, आणि दुर्बीण दुर्बीणच राहील.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत कागद तयार होता. तपासनीस खिडकीशी बसला होता. धाकटीला दाराजवळच्या खुर्चीत बसवलं होतं, कारण तिला कामावरून काढल्याची चिठ्ठीही आजच द्यायची होती. साहेबांनी ताईंना खुर्ची दिली, पेन दिलं, आणि म्हणाले की इथे एक सही झाली की आपण मोकळे.

ताईंनी पेन खाली ठेवलं.

"सहीआधी एक सांगायचंय. मला दिसत नाही."

साहेब हसले आणि शिपायाला हाक मारून म्हणाले, टेबलावरचा दिवा लाव रे. ताई म्हणाल्या, दिवा नको. दिवा बदलून झाला, शाई बदलून झाली, पेन बदलून झालं. रेघा जाड नव्हत्या, मला जाड दिसत होत्या. पहाटेचे जे तास मी क म्हणून लिहिलेत त्यातले बरेच ड आहेत.

साहेबांचा चेहरा उतरला. तपासनीसाने विचारलं, किती?

"तेच तर सांगता येत नाही. तीन महिने सगळे पुन्हा वाचायला हवेत. दुसऱ्या कुणीतरी."

साहेबांना पहिलं काय सुचलं तर इमारती. "मग इमारतींचं ते पान?" ताईंनी त्यांना सांगितलं की इमारतींचा काही दोष नाही, ते पान काढून टाका. साहेब काही वेळ त्या पानासाठी मनातल्या मनात सुतक पाळत बसले, असं म्हणायला हरकत नाही.

तपासनीस धाकटीकडे वळला. त्याचा आवाज चढला नाही, पण मऊही झाला नाही. म्हणजे तुम्हाला बरोबर दिसत होतं आणि तुम्ही चुकीचं लिहिलंत, असं तो म्हणाला, ही बघून लिहिण्यापेक्षा मोठी चूक आहे. धाकटीने मान हलवली. तेव्हा ताई मध्ये पडल्या. ती चुकली हे त्यांनी नाकारलं नाही. लेखी ताकीद द्या, म्हणाल्या, मी तिच्या जागी असते तर मलाही ती मिळायलाच हवी होती. पण तिला काढू नका. या खोलीत रेघ जशी आहे तशी दिसणारे डोळे तिचेच आहेत, आणि टेकडीवरच्या लोकांना सध्या त्याच डोळ्यांची गरज आहे.

"आणि दुसरं कोण वाचणार?" तपासनीसाने विचारलं. "नियम दोघांचा आहे."

ताईंनी साहेबांकडे पाहिलं. एकोणीस वर्षांपूर्वी साहेब याच कचेरीत नवे होते आणि ताईंच्या शेजारच्या स्टुलावर बसून अ आणि ब मधला फरक शिकले होते. सुरुवातीचे दोन आठवडे त्यांना तो फरक कळत नव्हता, हेही ताईंच्या लक्षात होतं, पण ते त्यांनी इथे काढलं नाही. साहेब हो-नाही करत राहिले, बैठका सांगितल्या, पाठदुखी सांगितली, आणि शेवटी दोन हजार तास वाचायला कबूल झाले. तपासनीसाने अहवालाला महिन्याची मुदत लिहून दिली. धाकटीची चिठ्ठी त्याने साहेबांकडून मागून घेतली, दोनदा दुमडली आणि आपल्या बॅगेत टाकली. ताकीद मात्र येईल, असं त्याने बजावलं.

ताईंनी काय सांगितलं ते त्याला लेखी हवं होतं. त्याने दिलेल्या छापील कागदावर ताईंनी स्वतःच लिहिलं, मोठ्या अक्षरांत, कुणाची मदत न घेता. गेल्या तीन महिन्यांतली आपली वर्गवारी धरू नये, आपले डोळे तपासून घेईपर्यंत आपल्याला वाचनाचं काम देऊ नये. लिहून झाल्यावर कागद उलटला. मागे सहीसाठी टिंबांची ओळ छापलेली होती, असं तपासनीस म्हणाला. ताईंनी कागद जवळ धरला, लांब धरला, तिरपा धरला. ओळ काही सापडेना. साहेब भिंतीकडे बघत होते.

"धाकटे, इकडे ये," ताई म्हणाल्या. "ओळ कुठे आहे त्यावर बोट ठेव."

धाकटी उठून आली आणि तिने टेबलावर वाकून बोट ठेवलं. ताईंनी डाव्या हाताने ते घट्ट धरलं आणि त्याच्या शेजारून सही केली.